मे महिन्यात विहीर खारी होऊ नये म्हणून: किनाऱ्यावरच्या हॉटेल-लॉजसाठी पाण्याचा हिशेब

कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तरीही मे उजाडला की किनाऱ्यावरच्या कितीतरी लॉजच्या दारात टँकर उभा असतो. जांभा, म्हणजे इथला तांबडा खडक, सच्छिद्र आहे. चार महिन्यांत मुरलेलं पाणी व्हाळांनी आणि झऱ्यांनी दिवाळीनंतर भराभर समुद्राकडे निघून जातं. धंद्याचं वेळापत्रक नेमकं याच्या उलट. विहीर सर्वांत खाली असते तेव्हाच मुलांच्या शाळेला सुट्ट्या लागतात आणि सगळ्या खोल्या भरतात. त्यामुळे मे महिन्याचं पाणी फेब्रुवारीपासून राखावं लागतं. एप्रिलच्या शेवटी जाग आली तर टँकरला फोन करण्यापलीकडे काही उरत नाही.

पुळणीजवळच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याजवळच्या, विहिरीत काय चालतं ते आधी नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढची प्रत्येक गोष्ट त्यावर बेतलेली आहे. समुद्राचं पाणी जड, गोडं पाणी हलकं. वाळूत आणि भेगाळ जांभ्यात गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ नियम असा: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. याचीच दुसरी बाजू अशी की वरची पातळी थोडी जरी खाली ओढली, तरी खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढू पाहतं. सगळ्यात आधी ते चढतं पंपाच्या तोंडाखाली. विहीर मचूळ झाली की लोक म्हणतात, समुद्र आत आला. खरं तर पंपाने त्याला वर बोलावलेलं असतं. हाच थर शेजारच्या घरांच्या विहिरींखालीही असतो. लॉजने जास्त उपसा केला तर शेजारणीच्या हंड्यातलं पाणी खारं होतं, आणि फारच बिघडलं तर पुढचे एक-दोन पावसाळे ते सुधारत नाही.

कायदाही याच कारणाने कडक आहे. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत रिसॉर्टसाठी भूजल उपसता येत नाही, आणि २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात भूजल मंडळाची सहमती लागते. नवी बोअर मारण्याचा सल्ला देणारा ठेकेदार हे सहसा सांगत नाही.

आधी मोजा

किती पाणी लागायला हवं याचा अंदाज भारतीय मानकांतल्या आकड्यांवरून बांधता येतो: हॉटेलला दर खाटेमागे दिवसाला १८० लिटर, उपाहारगृहाला दर खुर्चीमागे ७०, आणि दिवसपाळीच्या कर्मचाऱ्याला ४५. बारा खोल्या, तीस पाहुणे, चाळीस खुर्च्यांची खाणावळ आणि दहा माणसांचा स्टाफ धरा. ५,४०० अधिक २,८०० अधिक ४५०, म्हणजे ८,६५० लिटर. त्यात पंचवीस माडांना प्रत्येकी ४० लिटर घातले की साडेनऊ हजारांच्या वर गेलो. रोजचा एक दहा हजारी टँकर झाला हा. हे आकडे इमारतीचं आरेखन करताना वापरायचे असतात, ते उद्दिष्ट नव्हे. नीट सांभाळलेल्या साध्या लॉजमध्ये माणशी १०० ते १२० लिटरमध्ये पाहुण्याला काहीही कमी पडत नाही.

खरा आकडा मीटरच सांगतो. एकच मीटर बसवणार असाल तर तो विहिरीवरून टाकीत जाणाऱ्या नळीवर बसवा. जमल्यास आणखी तीन घ्या: खोल्यांची लाइन, स्वयंपाकघर, बाग. आपल्याकडच्या विहिरींत लोहाची तांबडी गाळ असते, ती मीटरचं चाक अडकवते. म्हणून मीटरच्या आधी जाळीची गाळणी हवीच, आणि ती दर महिन्याला उघडून धुवायची. मीटर नळीच्या सरळ भागात, आडवा आणि बाणाच्या दिशेने बसवा. उंच ठिकाणी बसवला तर नळीत हवा साठते आणि वाऱ्यावरही आकडे फिरतात.

रोज सकाळी सात वाजता एकाच माणसाने आकडा लिहायचा. वहीत चार रकाने पुरतात: तारीख, मीटर, काल रात्री राहिलेली माणसं, माणशी लिटर. शेवटचा रकाना महत्त्वाचा. एकूण वापर शनिवारी वाढणारच, पण माणशी वापर १३० वरून एकदम १९० झाला तर कुठेतरी काहीतरी फुटलंय. असं दिसलं की त्याच दिवशी शोधा.

विहिरीची वही

विहिरीसाठी दोन साधनं लागतात, मोजपट्टी लावलेली दोरी आणि खिशात मावणारा टीडीएस मीटर (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये). आठवड्यातून एकदा, पहाटे पंप सुरू करण्याआधी, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर आणि टीडीएस लिहून ठेवा. एप्रिल-मेमध्ये हे रोज करा. पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. आमचं मत असं की या आकड्यांपेक्षा तुमच्या विहिरीचा जानेवारीतला आकडा हा खरा पाया. तो पाव पटीने वाढला, समजा ३२० चा ४०० झाला, की उपसा लगेच कमी करा. जिभेला मचूळपणा कळेपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो.

विहीर दिवसाला किती देते हे घरच्या घरी काढता येतं. पंप चालवून पातळी मीटरभर खाली आणा, पंप बंद करा आणि दर अर्ध्या तासाने पातळी मोजा. ३ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत १० सेंटिमीटर पाणी चढलं म्हणजे सुमारे ७०० लिटर भरले. अर्ध्या तासात १० सेंटिमीटर चढत असेल तर विहीर तासाला १,४०० लिटर देते, आणि तुमचा पंप तासाला ६,००० ओढत असेल तर खारं पाणी कुठून येतं हे वेगळं सांगायला नको. ही चाचणी फेब्रुवारीत एकदा आणि एप्रिलच्या मध्यावर एकदा करा. दोन्ही आकड्यांत बराच फरक दिसेल.

उपाय पंपाच्या वेळेत आहे. सकाळी सलग तीन तास पंप चालवण्याऐवजी वीस-पंचवीस मिनिटांच्या सहा-सात खेपा करा आणि मध्ये विहिरीला भरू द्या. साडेतीन-चारशे रुपयांचा साधा टायमर हे काम करतो, मात्र तो पंपाच्या स्टार्टरमधून जोडायचा. थेट टायमरवर भार टाकला तर त्याचे संपर्क जळतात. पंप छोटा घेणं आणखी चांगलं. आपल्याकडे दुमजली लॉजला दोन-तीन हॉर्सपॉवरचा पंप सवयीने बसवतात. बहुतेक ठिकाणी एक पुरतो.

फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या ओढनळीच्या तोंडाची झडप, तळाशी सोडू नका. खारं पाणी खाली असतं, म्हणून तोंड पाण्याच्या पृष्ठभागापासून मीटरभरच खाली ठेवायचं. पातळी बदलत असल्याने लवचिक नळी घ्या आणि बंद डबा किंवा प्लास्टिकचा जाड फ्लोट बांधून तोंड तरंगतं ठेवा. पातळी तळापासून मीटरभर उरली की पंप आपोआप बंद व्हावा म्हणून विहिरीतही फ्लोट स्विच लावा. त्यामुळे पंप कोरडा चालून जळण्यापासूनही वाचतो.

पाणी मऊ करायचं यंत्र विकायला कोणी आलं तर आधी पाणी तपासून घ्या. सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या), जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊच असतं, उलट जरा आम्लधर्मी. तिथे हे यंत्र निव्वळ मीठ आणि धुवायचं पाणी खातं. आरओची गोष्ट वेगळी. तो जेवढं शुद्ध पाणी देतो त्याच्या बरोबरीने किंवा दुपटी-तिपटीने पाणी फेकतो, ते मोजायला फेकनळीखाली दहा मिनिटं बालदी ठेवा. ते पाणी पायऱ्या धुवायला, प्लास्टिकच्या फ्लश टाकीला वापरा. झाडांना नको. आणि विहिरीत परत तर कधीच सोडू नका. तसं करणारे लोक आहेत, आणि त्यांची विहीर वर्षागणिक स्वतःच्याच मिठाने खारट होत जाते.

गळती: एक रात्र पुरे

सगळे झोपल्यावर, साधारण एक वाजता, पंप बंद असल्याची खात्री करा आणि वरच्या टाकीतली पातळी काठीवर खूण करून मोजा. पाच वाजता पुन्हा मोजा. ३ बाय २ मीटरच्या टाकीत १ सेंटिमीटर म्हणजे ६० लिटर. चार तासांत ४ सेंटिमीटर उतरलं तर २४० लिटर गेले, दिवसाला १,४४० लिटर. एखाद्या पाहुण्याचा रात्रीचा फ्लश यात असतो, पण एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त उतार हा गळतीचाच. मग रोज रात्री एकेका मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करून हीच चाचणी करा, दोन-तीन रात्रींत गळती कुठे आहे ते सापडतं.

दहापैकी सात वेळा चोर असतो फ्लशची टाकी. तिचं पाणी भांड्याच्या मागच्या बाजूने कागदाएवढ्या पातळ पापुद्र्याने वाहतं, आवाज येत नाही, डोळ्यांना दिसत नाही. टाकीत चमचाभर खायचा लाल रंग टाका आणि पंधरा मिनिटं कुणालाही फ्लश करू देऊ नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर गेलं. हळद वापरू नका, ती विरघळत नाही आणि डाग मागे सोडते. कोरडा टिश्यू भांड्याच्या मागच्या भिंतीवर चिकटवून बघितलं तरी ओल कळते. मिनिटाला पाव लिटर गळत असेल तर दिवसाला ३६० लिटर गेले, दोन माणसांच्या आंघोळ-पाण्यापेक्षा जास्त. नवं रबर शंभरेक रुपयांचं असतं. चार-पाच जादा रबरं, बॉलकॉकचे वॉशर, अर्धा इंची तोट्यांचे सिरॅमिक कार्ट्रिज आणि टेफ्लॉन टेप इतकं सामान हॉटेलात कायम असू द्या. प्लंबर मोसमात चार दिवसांनी येतो, तेवढ्यात दीड हजार लिटर गेलेले असतात.

गळक्या तोटीचं पाणी मोजायचं असेल तर खाली पेला ठेवा. दहा मिनिटांत २०० मिलिलिटर म्हणजे दिवसाला जवळपास २९ लिटर. स्टाफला हा आकडा स्वतः मोजायला लावा. सांगून जे पटत नाही ते पेला भरताना बघून पटतं.

संडासातल्या जेट स्प्रेची नळी हा दुसरा नेहमीचा चोर. स्प्रेचं बटण बंद असलं तरी नळीत चोवीस तास दाब असतो, खाऱ्या हवेत तिचं वेटोळं गंजतं, आणि एके दिवशी ती रिकाम्या खोलीत फुटते. चेकआउटनंतर खोली आवरणाऱ्या बाईंनी अँगल कॉक (नळीच्या मुळाशी भिंतीवर असलेली चावी) बंद करायचा, नवीन पाहुणा येण्याआधी उघडायचा. हे काम त्यांच्या चेकलिस्टवर वेगळ्या ओळीत हवं.

खोल्या

शॉवरखाली दहा लिटरची बालदी धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. चाळीस सेकंदांत भरली तर शॉवर मिनिटाला १५ लिटर सोडतो. आठ मिनिटांच्या आंघोळीला १२० लिटर! आठ लिटरचा शॉवर बसवला की तीच आंघोळ ६४ लिटरमध्ये होते, आणि चांगल्या शॉवरखाली फरक जाणवतही नाही.

पण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून थोडं सविस्तर. पाणी वाचवणारे बहुतेक शॉवर २-३ बार दाबासाठी बनवलेले असतात. टाकीची १० मीटर उंची म्हणजे १ बार. दुमजली लॉजच्या गच्चीवरची टाकी वरच्या मजल्याच्या शॉवरपेक्षा तीन मीटरच उंच असेल तर दाब ०.३ बार. तिथे हा शॉवर नुसता ठिबकतो, पाहुणा तक्रार करतो, आणि आवरायला आलेला मुलगा आतली, प्रवाह कमी करणारी चकती पक्कडीने काढून टाकतो. मग खालच्या मजल्यावर तोच शॉवर मिनिटाला वीस लिटर ओतायला लागतो. म्हणून आधी प्रत्येक मजल्यावर बालदी-घड्याळाची चाचणी करा. वरच्या मजल्याला कमी दाबावर चालणारा, रुंद तोंडाचा शॉवर घ्या. चकत्या फक्त खालच्या मजल्यावर, जिथे प्रवाह १० लिटरच्या वर आहे तिथेच.

प्रत्येक न्हाणीघरात बालदी आणि तांब्या ठेवा. बालदी ठेवली की हॉटेल स्वस्तातलं वाटेल ही भीती खोटी आहे. मुंबई-पुण्याहून आलेली अर्धी मंडळी, विशेषतः लहान मुलं आणि ज्येष्ठ, बालदीनेच आंघोळ करतात आणि ती वीस लिटरमध्ये आटोपते.

वॉशबेसिनच्या तोटीला एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी जाळीची टोपी, लावा, मिनिटाला ३ लिटरचा. तोटीच्या आतल्या आट्यांचा आणि बाहेरच्या आट्यांचा एरेटर वेगळा असतो, म्हणून जुना काढून दुकानात दाखवायला घेऊन जा. आपल्या पाण्यातलं लोह आणि वाळू त्याची जाळी पंधरवड्यात भरते. जाळी भरली की पाणी बारीक होतं आणि कोणीतरी एरेटरच काढून टाकतं. म्हणून महिन्यातून दोनदा जाळी काढून अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून जुन्या दातघासणीने साफ करायची. मुलाम्याच्या हलक्या तोट्या खाऱ्या वाऱ्यात दोन वर्षांत फुलतात. पितळी घ्या, आणि उघड्यावरचं स्टील असेल तर ३१६ जातीचं, ३०४ ला समुद्राच्या कडेला डाग पडतात.

फ्लशच्या जुन्या टाक्या एका वेळी दहा लिटर सोडतात. तीन-सहा लिटरचा दुहेरी फ्लश चांगला, पण भांडं आणि टाकी जोडीने बदला. दहा लिटरसाठी घडवलेलं भांडं सहा लिटरमध्ये साफ होत नाही, माणूस दोनदा बटण दाबतो आणि खर्च बारा लिटरवर जातो. सध्या बदलायचं नसेल तर जुन्या टाकीत पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली, बूच घट्ट लावून, बॉलकॉकला न अडेल अशी ठेवा. चिऱ्याचा तुकडा किंवा वीट मात्र टाकू नका. ती झिजते, कच रबराखाली बसते आणि टाकी कायमची गळायला लागते. आणि दुहेरी बटणावर 'अर्धा' व 'पूर्ण' असं मराठीत आणि चित्राने लिहून चिकटवा. कोणतं बटण कशासाठी हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

गरम पाण्याचा अपव्यय मीटरवर दिसतो, डोळ्यांना नाही. पाऊण इंची नळीत मीटरमागे २५० ते ३०० मिलिलिटर पाणी मावतं. गच्चीवरच्या सोलर हिटरपासून तळमजल्यावरच्या खोलीपर्यंत पंचवीस मीटर नळी असेल तर गरम पाणी येईपर्यंत सहा-सात लिटर गार पाणी मोरीत जातं. बारा खोल्या, दिवसातून दोन वेळा: दीडशेहून अधिक लिटर. नळीला फोमचं आवरण घाला, उघड्यावर त्यावर पत्रा किंवा टेप हवा, नाहीतर उन्हाने फोम वर्षात भुगा होतो. लांबच्या खोल्यांना तीन लिटरचा छोटा गिझर मोरीजवळ बसवणं बहुधा स्वस्त पडतं. तोपर्यंत बालदीवर एक ओळ लिहून ठेवा: 'सुरुवातीचं गार पाणी इथे धरा.' लोक धरतात.

पुळणीवरून परत येणाऱ्या माणसाच्या अंगावर पाव किलो वाळू असते. ती न्हाणीघरात धुतली तर पाणी जातंच, शिवाय नाळी तुंबते. फाटकाच्या आत, माडांच्या आळ्याजवळ, दाबल्यावर आठ-दहा सेकंदांत आपोआप बंद होणारी तोटी आणि एक गुडघ्याएवढा शॉवर लावा. साबण तिथे ठेवू नका, म्हणजे पाणी थेट झाडांना जाईल.

चादरी आणि टॉवेल रोज न बदलण्याची पाटी सगळीकडे असते, पण पाहुण्याने टॉवेल दांडीवर वाळत टाकला तरी खोली आवरणारे तो उचलून नेतात. पाटीपेक्षा त्यांना एकदा नीट सांगणं जास्त उपयोगी. कपडे यंत्र पूर्ण भरल्यावरच धुवा, आणि शेवटच्या खळबळणीचं पाणी ड्रममध्ये धरून पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापरा. ते चोवीस तासांच्या आत वापरायचं, नंतर कुबट वास येतो.

एसीचं पाणी किनाऱ्यावरच्या दमट हवेत भरपूर निघतं, दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर देतो. नळ्या एकत्र करून झाकणाच्या ड्रममध्ये घ्या, फरशी पुसायला उत्तम. पिण्याला किंवा स्वयंपाकाला नाही.

स्वयंपाकघर

मासळीच्या खाणावळीत पाणी जातं ते नळ चालू ठेवून. गोठलेली सुरमई किंवा कोळंबी वाहत्या नळाखाली वीस मिनिटं ठेवली की दीडशे लिटर गेले, मासाही सैल पडतो. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, परातीत काढून ठेवा. सकाळी नीट सुटलेली असते. मासळी धुवायला दोन टोपांची पद्धत लावा: पहिल्या टोपात खवले आणि रक्त, दुसऱ्यात स्वच्छ पाणी. दुसऱ्याचं पाणी पुढच्या खेपेत पहिल्या टोपात. खवले, शेपट्या, कोळंबीची सालं नळाने मोरीत ढकलू नका, कोरडी गोळा करून माडाच्या बुंध्यात खड्ड्यात पुरा.

ताटं आधी रबरी पट्टीने कोरडी निपटायची, मग दाबून धरायच्या स्प्रेने. उघड्या नळापेक्षा निम्म्याहून कमी पाणी लागतं. सांडपाणी चरबीच्या टाकीतून जाऊ द्या आणि ती टाकी मोसमात दर आठवड्याला उपसा. ती भरली की तेल पुढे शोषखड्ड्यात जातं, वाळूची छिद्रं बुजतात, आणि मग खड्डा वर उफाळतो. एकदा बुजलेला शोषखड्डा खणून काढण्यावाचून इलाज नसतो.

सांडपाणी आणि माड

आंघोळ-हातधुणीचं पाणी संडासाच्या पाण्यापासून वेगळ्या नळीने काढा. नवीन बांधकामात हे जवळपास फुकट होतं, जुन्यात फोडाफोडी करावी लागते. हे पाणी साठ सेंटिमीटर खोल, तळ पक्क्या खडीच्या वाफ्यातून नेलं आणि त्यात कर्दळ आणि वाळा लावला, तर ते बागेपुरतं स्वच्छ होतं. माणशी एक ते दीड चौरस मीटर वाफा लागतो. पाणी खडीच्या पातळीखाली राहिलं पाहिजे. वर आलं की डास होतात, आणि मग सगळी व्यवस्था बदनाम होते.

माडाला उन्हाळ्यात दिवसाला ३० ते ४० लिटर पुरतात, तेही बुंध्यात न ओतता, मीटर-दीड मीटर अंतरावरच्या आळ्यात. आळ्यात नारळाच्या सोडणांचं आणि झावळ्यांचं आच्छादन घातलं तर त्याहूनही कमी. थोडं मचूळ पाणी माड सोसतो, पोफळी आणि जायफळ सोसत नाहीत. जिथे विहिरीचं पाणी खारट व्हायला लागलंय तिथे गोडं पाणी पोफळीला आणि धुण्याचं पाणी माडांना, अशी वाटणी करा. हिरवळ लावूच नका. तीन महिन्यांत ती पाऊण विहीर पिते. तरण तलावाचंही तेच. पन्नास चौरस मीटरच्या तलावातून मे महिन्यात रोज दोनशे ते अडीचशे लिटर पाणी नुसतं उडून जातं, फिल्टर धुण्याचं वेगळं. असेल तर रात्री झाकण घाला आणि फिल्टर तारखेने नव्हे, दाब अर्धा बार वाढल्यावर धुवा.

संडासाचं पाणी सेप्टिक टाकीतून शोषखड्ड्यात जात असेल तर तो खड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर हवा. वाळू आणि भेगांचा जांभा असेल तर त्याहूनही दूर, आणि विहिरीपेक्षा खालच्या, उताराच्या बाजूला. ॲसिड आणि फिनेल हवं तसं ओतलं की सेप्टिक टाकीतले जिवाणू मरतात, मग न कुजलेला मैला पुढे जातो. पावसाळ्यात भूजल वर येतं आणि खड्डा बुडतो, तेव्हा विहिरीचं पाणी जुलै-ऑगस्टमध्ये जंतूंसाठी तपासून घेणं अगदी गरजेचं.

पागोळ्या धरा, पण कधी?

२०० चौरस मीटर छप्पर, ३,००० मिलिमीटर पाऊस आणि १५ टक्के वजावट धरली तर वर्षाला पाच लाख लिटर मिळतात. आकडा मोठा आहे, पण तो पावसाळ्यात मिळतो, आणि पन्नास हजार लिटरची टाकी बांधली तरी पूर्ण भरलेल्या लॉजला ती पाच-सहा दिवस पुरते. म्हणून छपराच्या पाण्याचा खरा उपयोग हा की जून ते सप्टेंबर फ्लश, धुणं, बाग त्यावर चालवायची आणि विहिरीला हात लावायचा नाही.

जुलैत विहीर काठोकाठ भरलेली असते, तेव्हा तिच्यात आणखी पाणी सोडलं तरी ते समुद्राकडेच जातं. किंमत आहे ती सप्टेंबरच्या शेवटच्या आणि परतीच्या पावसाच्या पाण्याची. तेव्हा पन्हळींचं तोंड विहिरीजवळच्या गाळखड्ड्याकडे वळवा: तळाला मोठे दगड, वर खडी, त्यावर कोळसा आणि वरती जाड वाळू. फक्त छपराचं पाणी घ्या. अंगणाचं, गाड्या उभ्या राहतात तिथलं, कधीच नाही.

छपरावर वर्षभर साठलेली धूळ, पाखरांची विष्ठा आणि शेवाळ पहिल्या सरीबरोबर येतं. २०० चौरस मीटरला पहिले दोन मिलिमीटर, म्हणजे ४०० लिटर, बाजूला जाऊ द्यायला एक उभी बंद नळी किंवा दोन ड्रम लावा, खाली बारीक छिद्र ठेवा म्हणजे पुढच्या सरीपर्यंत ते रिकामे होतील. मंगळोरी कौलांखालच्या पन्हळीला मीटरला पाच मिलिमीटर उतार हवा, आणि तोंडाला जाळी. आंब्या-फणसाची पानं पन्हळ दर आठवड्याला भरतात.

साठवलेलं पाणी वापराआधी १,००० लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, एका बालदीत कालवून, निवळी वरची तेवढी टाकीत ओता. अर्ध्या तासानंतर शिल्लक क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली नको. चाचणीचा संच विकत मिळतो. आपल्या दमट हवेत उघडी पावडर दोन-तीन महिन्यांत निर्जीव होते, म्हणून छोटे डबे घ्या आणि झाकण घट्ट ठेवा.

पहिली जोरदार सर पडून गेली की ती मोजपट्टीची दोरी आणि टीडीएस मीटर घेऊन विहिरीवर जा. पातळी लगेच वर येते, पण खारटपणा मागे राहतो. पाणी वर आलं म्हणून पंप पुन्हा सलग तीन तास चालवू नका. आकडा जानेवारीच्या आसपास आल्याशिवाय, म्हणजे बहुधा जुलै उजाडेपर्यंत, टायमर तसाच चालू राहू दे.